गाडी उंच हवी की मऊ

माझ्या पिकअपचा आणि डोंगराचा तसा काही संबंध नव्हता. पिंपळगाव बसवंतला माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, घर नाशिकरोडला, आणि मधे सगळा डांबरी रस्ता. द्राक्षबागांपर्यंत नळ्यांची भेंडोळी आणि फिल्टर पोचवायचे, एवढंच त्या गाडीचं काम. पावसाळ्यात काळ्या मातीत ती दोनदा रुतली असेल. दोन्ही वेळा शेतकऱ्यांनीच ट्रॅक्टरने ओढून काढली आणि वर चहा पाजला. तेव्हा मोठे टायर, वाढवलेल्या कमानी, असलं काही त्या गाडीला लागत होतं असं कुणी शपथेवर सांगणार नाही. मी सोडून.

निमित्त आईचं झालं.

आई नर्स होती. पेठच्या पलीकडे डोंगरातल्या एका उपकेंद्रावर तिने अकरा वर्षं काढली. तिथल्या पाड्यावर एक दाई होती, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. सरकारी पेटी आईच्या हातात आणि सगळी अक्कल दाईच्या हातात, असं आईच सांगते. दोघी मिळून तीन पाडे पायी फिरायच्या. त्या भागातली निम्मी माणसं त्या दोघींनी जगात आणली, आणि त्यात मीही आहे. मला बाहेर ओढणारे हात दाईचे. आईला त्या वेळी साहजिकच दुसरं काम होतं.

नवरात्रात दाईच्या सुनेचा फोन आला. पाड्यावर रेंज नाही, म्हणून ती पेठच्या बाजाराला आली की फोन करते.

"बाई, म्हातारीचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हनतो काचबिंदू हाय, गेलेलं परत येत नाय. तुमची लय आठवण काढती."

आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मला तिच्याकडे ने. मी तिला दिसले पाहिजे रे. नुसता आवाज ऐकवायचा तर फोन आहेच."

"जाऊ की," मी म्हणालो. "पण रस्ता?"

रस्त्याचं खरंच होतं. पेठपासून पुढे बरंच अंतर ठीक, पण शेवटचे नऊ किलोमीटर म्हणजे ओढा, चढ आणि दगड. दोन वर्षांपूर्वी आमची छोटी कार तिथे नेली होती तर ऑईल चेंबर फुटून परत टेम्पोवर चढवून आणावी लागली.

"जीपने जाऊ," आई म्हणाली. "पेठहून रोज जीप जातात."

"या वयात? अठरा माणसांत कोंबून? गुडघ्यात वाटी बसवलीय तुझ्या. त्यापेक्षा मी पिकअपच तयार करतो की."

हे 'तयार करतो' मी ज्या जोशात म्हणालो, त्यावरूनच बायकोला संशय आला होता, असं ती आता सांगते.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत एक कमानवाले मिस्त्री आहेत. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची जी चळत असते, ती कमान. त्यांच्या आजोबांनी टांग्यांच्या कमानी बसवल्या, वडिलांनी ट्रकच्या, आणि यांच्या नशिबी माझ्यासारखे लोक आले. साठीचे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या गाडीकडे बघण्याची सवय.

"साहेब, पहले ये बोलो," त्यांनी विचारलं. "गाडी उंच पायजे का मऊ?"

"दोन्ही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग एक सुटा पाटा आणला, दोन विटांवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "चढा."

मी चढलो. पाटा माझ्याखाली छान लवला.

"वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"पाटा तर ब्याण्णव बोलतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी त्या पाट्यावर आणखी दोन पाटे ठेवले. "आता चढा."

आता काही लवलं नाही. दगडावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"देखा? पाटे वाढवले की गाडी वर जाते, दणकट होते. पर कडक होते. मऊ ठेवली तर बसते. दोन्ही एकसाथ नाही होत. आमच्या अब्बालाही नाही जमलं."

खरं म्हणजे इथेच मी आईला आठवून 'मऊ' म्हणायला हवं होतं. पण त्या तीन पाट्यांवर उभा असताना मला जी उंची लाभली होती, तिचा परिणाम झाला असावा. मी म्हणालो, "उंच करा."

पुढचे काही महिने मी जवळजवळ दर शनिवारी त्या गल्लीत होतो. मला आजवर वाटायचं, गाडी म्हणजे इंजिन, बाकी सगळं पत्रा. पण माणूस बसतो कशावर, तर या लवणाऱ्या पाट्यांवर! खड्डा चाकाला बसतो, चाक पाट्याला सांगतं, पाटा शॉकअपला, आणि शॉकअपमधलं तेल बारीक भोकातून हळूहळू सरकत तो दणका जिरवून टाकतं. आमच्या एकत्र कुटुंबात माझी मोठी काकू नेमकं हेच काम करायची. मी मिस्त्रींना विचारायचो, पाटे लहान-मोठे का? मधे बारीक पट्टी कशाला? एकच जाड पाटा का नाही चालत? ते म्हणाले, एकच जाड असला तर तुटेल. पातळ-पातळ एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच धक्का मरतो. हे मी घरी येऊन जेवताना सांगितलं. कुणी दुसरी पोळी वाढली नाही.

मग टायर. दोन नंबर मोठे, जाड गाठींचे, काळेकभिन्न. बसवले, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायला लागला. मडगार्डची कड कापली. मग आतलं प्लास्टिक घासायला लागलं, तेही कापलं. माझ्या लक्षात आलं की मोठा टायर बसवणं म्हणजे घरात मोठं कपाट आणण्यासारखं आहे: कपाट एका दिवसात येतं, पण नंतर महिनाभर आपण दारं तासत बसतो.

आणखी एक गंमत मिस्त्रींनी सांगितली. टायर मोठा झाला की काटा खोटं बोलतो. चाकाचा एक फेरा आता जास्त अंतर कापतो, पण मीटरला ते कळत नाही. ते बिचारं जुन्या चाकाच्या हिशोबाने चालतं. हे ऐकून मला झोप येईना. रविवारी सकाळी मी टायरवर खडूने रेघ मारली, तशीच रस्त्यावर मारली, आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवून गाडी ढकलली. रेघ पूर्ण फिरून खाली आली तिथे दुसरी खूण. टेप लावून मोजलं. मग जुन्या टायरचं मोजलं, भागाकार केला. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी चौसष्टच्या आसपास धावत असणार!

"अहो," बायको काचेतून म्हणाली, "शेजारचे विचारतायत, बंद पडलीय का?"

"त्यांना सांग, संशोधन चाललंय."

"मी सांगितलं, हो, बंद पडलीय. त्यात लाज कमी."

आई हे सगळं गॅलरीतून बघत असायची. दर आठवड्याला एकच प्रश्न: "झाली का रे?"

"शॉकअप यायचेत."

पुढच्या आठवड्यात, "झाली का?"

"व्हील अलाइनमेंट राहिलीय."

दिवाळी झाली, संक्रांत झाली. आता लिहायला बसलोय तर खरं लिहितो. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत गाडी त्या रस्त्याला लागण्याइतकी झाली होती. मिस्त्रींनी तसं सांगितलंही होतं. मलाच आणखी एक काहीतरी हवं असायचं. पुढच्या बाजूचं उचललं तर मागचं दबल्यासारखं दिसे; मागचं उचललं तर पुढचं. आईला दाईकडे न्यायचं आहे हे मी विसरलो नव्हतो. पण ती गोष्ट मी हळूहळू गाडी करण्याच्या कारणांमध्ये जमा केली होती, आणि कारण एकदा जमा झालं की त्याची घाई राहत नाही.

शेवटी माघ सरता सरता गाडी दारात उभी राहिली. काय दिसत होती म्हणून सांगू! कॉलनीतली कुत्री तिच्याखाली न वाकता उभी राहू शकत होती. मी आईला हाक मारली, दार उघडलं आणि बाजूला झालो.

आई गाडीजवळ आली. गाडीचं पायदान तिच्या मांडीला लागत होतं.

तिने पायदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "माझ्या गुडघ्यात वाटी बसवली ना, तेव्हा डॉक्टरांनी आधी मला उभं करून मोजलं होतं. तुझ्या मिस्त्रीने कुणाला मोजलं?"

मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "लोखंडी पायरी लावून देतो साहेब. पर खाली लोंबणार. पहिला दगड तिलाच लागेल." म्हणजे इतके महिने खपून जी उंची मिळवली, ती पायरी लावून परत घालवायची. मी फोनवर बोलत असताना आईने मागचा फाळका खाली पाडला, आत पडलेली द्राक्षांची दोन प्लास्टिकची कॅरेट ओढली, एक पालथं टाकलं, त्याच्यामागे दोन एकावर एक करायला बायकोकडून तिसरं मागवून घेतलं, आणि एक-दोन-तीन करत जाऊन सीटवर बसली. एवढं व्हायला मिनिटही लागलं नसेल.

"चला," ती म्हणाली.

पण द्वारकेपर्यंतच पोचलो. रिकामी गाडी, कडक कमानी. प्रत्येक गतिरोधकावर आम्ही दोघं सीटवरून उठून परत बसत होतो. आईने दातांची कवळी काढून रुमालात बांधली. मी गाडी तशीच मिस्त्रींच्या गल्लीत घातली.

मिस्त्रींनी आईला खालून सलाम केला. "अम्मा, गाडी रिकामी आहे म्हणून उड्या मारते. पाठीवर ओझं आलं की माणसात येईल. चारेकशे किलो टाका मागे."

"चारशे किलोचं काय टाकू?" मी विचारलं.

"कांदा टाक," आई म्हणाली. "डोंगरात कांदा कुठे पिकतो? त्यांना होईल."

दुसऱ्या दिवशी पिंपळगावहून रांगड्या कांद्याच्या आठ गोण्या भरल्या आणि फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मिस्त्रींचं बोलणं अक्षरशः खरं होतं. तीच गाडी, तेच पाटे, पण आता खड्डा आला की ती नुसती 'हं' म्हणायची. आईने कवळी परत बसवली. पेठच्या पुढे शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळे पट्टे पडले होते, राखेचा वास येत होता. ओढा आला. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, टायरमधली हवा थोडी कमी केली, मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे. पाण्यातून कुठल्या रेषेने जायचं याचा अभ्यास करत उभा राहिलो. तेवढ्यात मागून एक जीप आली. टायर इतके गुळगुळीत की त्यात तोंड बघावं, आत-बाहेर मिळून वीसेक माणसं, टपावर दोन बोकड. जीपवाल्याने हॉर्न दिला, मला वळसा घातला आणि ओढ्यातून वर निघून गेला.

 आईने नुसता पदर सारखा केला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं होतं.

पण आमची गाडीही गेली, हे नमूद करतो. ओढा, चढ, दगड, कुठेही खालून टेकली नाही.

दाई अंगणात बाजेवर बसली होती. वाळलेली, ताठ. कॅरेटवरून उतरून आई तिच्याकडे चालत निघाली तशी तिने मान वळवली, पण आमच्या दिशेला नाही, थोडी बाजूला.

"कोण हाय?"

"मी गं. बाई."

"बाई नाय." दाई ठामपणे म्हणाली. "बाईची चाल मला ठाव हाय. ही चाल तिची नव्हं."

आई जागीच थांबली. नव्या गुडघ्याने ती चाल बदललेली होती. मग तिने तिच्या जुन्या ड्युटीच्या आवाजात विचारलं, "नखं कोण कापणार? हे हात घेऊन बाळंतपणाला जाणार का?"

दाई एकदम हसायला लागली. "आली गं माझी बाई! तीच कटकट!"

दोघी बाजेवर बसल्या. पुढचं सगळं त्यांच्या डोंगरी बोलीत चाललं. मला निम्मं कळलं. जे कळलं त्यात एक असं होतं. आईने विचारलं, "कधीपासून?" दाई म्हणाली, "दिवाळीला तांदूळ निवडत होते की. खडा दिसायचा. संक्रांतीला मान्सं दिसायची, तोंड नाय. आता उजेड-अंधार कळतो, बास."

मी उठून गाडीपाशी गेलो. संक्रांतीच्या सुमाराला मी रस्त्यावर खडूने रेघा मारत होतो. त्याच दिवशी आईने गॅलरीतून विचारलं होतं, झाली का. टायरच्या गाठींत अडकलेला एकेक खडा मी काढत बसलो. ते करायची काही गरज नव्हती.

थोड्या वेळाने दाईच मागे येऊन उभी राहिली, सुनेचा हात धरून. "हीच का ती गाडी?" तिने टायरवर तळवा ठेवला. वरून खाली, कडेने, गाठी चाचपत. मग हात पुढे नेऊन बोनेटवर थोपटलं. "किती महिन्यांची झाली?"

"पाच," आई म्हणाली.

"लय दिस घेतले." दाई माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या अंदाजाने, वळली. "तू पन असाच. दोन रात्री बसवलं व्हतंस आमाला. आन् डोकं हे एवढं."

मी म्हणालो, "मावशी, चुकलंच माझं. दिवाळीतच आणायला पाहिजे होतं आईला."

"मग आनायचं ना." एवढंच म्हणाली. राग नव्हता, पण 'असू दे' असंही म्हणाली नाही. मग: "मला बसव ह्यात. जरा फिरव. तिन्ही पाडं फिरव, आमी फिरायचो तसं."

कॅरेटच्या पायऱ्या लागल्या. मधे आई, खिडकीशी दाई. सुनेला तिने सोबत घेतलं नाही. "बाई हाय ना," म्हणाली. निघताना हात डॅशबोर्डवर घट्ट रोवून बसली. मी जपून गाडी चालवायला लागलो. गाडी कांद्याच्या वजनाने अशी डुलत चालली होती की मला मनातून बरंच वाटत होतं.

थोडं गेल्यावर दाई म्हणाली, "कुठं आलो?"

"टेकाडाखाली," आई म्हणाली.

"वढ्याचा चढ कधी गेला?"

"आत्ताच गेला की."

"मला कसा नाय लागला?" तिचा आवाज बदलला. "बाई, रस्ता लागत नाय गं मला. जीपमंदी बसले तर समदं कळतं. हा दगड, हा खड्डा, हा वळसा. ह्यात काय कळंत नाय. कुठं नेतो हा?"

आईने तिचा हात धरला. तरी दाई सीटवर पुढे सरकून, मान तिरकी करून, पायांनी तळाचा पत्रा चाचपत राहिली. गाडी मऊ चालवायचा मी किती आटापिटा केला होता, आणि तिला मात्र त्याचीच भीती वाटत होती.

पहिला पाडा आला. माणसं जमली, आई-दाईला बघून हाका सुरू झाल्या. आईने मला विचारलं, "गोण्या काढ रे. किती काढल्या म्हणजे गाडी परत उडायला लागेल?"

मला तिच्या मनातलं कळायला दोन क्षण लागले. "सगळ्या काढल्या तर पूर्ण. चार काढल्या तर थोडी."

"चार इथे दे. चार पुढे."

चार गोण्या उतरल्या. दुसऱ्या पाड्याच्या वाटेवर मागचं चाक पहिल्यांदा जरा उडालं आणि दाई म्हणाली, "हां." अर्ध्या फर्लांगावर पुन्हा, "हां, हा आडवा बांध." दुसऱ्या पाड्यावर उरलेल्या चार गेल्या. तिथून पुढे मी टायरमध्ये हवाही भरली. पंप जवळ होताच, असल्या वस्तूंची माझ्याकडे कमतरता नव्हती.

आणि मग ती पिकअप द्वारकेला उडाली होती तशी उडायला लागली. आईने कवळी काढली. मी छताला डोकं आपटून घेतलं. दाई मात्र डॅशबोर्ड सोडून सैल बसली होती आणि एकेक धक्का आधीच सांगत होती. "आता दोन दगडं येतील. आली. आता उतार. इथं तू पडली व्हतीस, पेटी फुटली व्हती." आई बोळक्या तोंडाने म्हणाली, "मी नाही, तू पडली होतीस." "तूच." "बरं, मी." "आता वळसा. हळू, हळू घे रे... थांब. हितंच थांब."

मी थांबलो. बाहेर बघितलं तर एक सपाट कातळ होता, बाकी काही नाही. आई म्हणाली, दोन पाड्यांच्या मधे त्या इथे बसून भाकरी खायच्या.

मी कॅरेट लावली. दोघी उतरल्या, कातळावर बसल्या, तोंडं दरीकडे करून.

"सांग," दाई म्हणाली. "काय काय दिसतं?"

आईने कपाळावर हात धरला. "खाली पाडा दिसतो. पत्र्याची घरं जास्त झालीत. शाळेला नवा रंग दिलाय, पिवळा."

"आन् आंबा?"

"आहे."

"मोहोर?"

"कमी आहे यंदा."

"खोटं बोलती. मला वास येतो इथपतूर. नीट बघ."

"अगं, बघतेच आहे. वरच्या फांद्यांना आहे, खाली नाही."

"खालीच असतो पहिला. चष्मा पूस."

आईने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावून नीट बघायला लागली. इंजिन चालूच होतं. मी हात घालून ते बंद केलं.